रेड झिरोमधली एक डिस्क सारखी गायब होते, चेकडिस्क चालवू का?

चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवू नका. विंडोज स्वतःहून विचारेल, तरी नको म्हणा. आणि हे वाचून होईपर्यंत एडिटिंगही थांबवा.

तुमची अडचण मला समजली ती अशी. विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे. 2-2 टीबीच्या दोन हार्ड डिस्क मदरबोर्डच्या रेडमधून (अनेक डिस्क मिळून एकच ड्राइव्ह दाखवणारी सोय) स्ट्राइप करून, म्हणजे रेड झिरो पद्धतीनं, डी ड्राइव्ह बनवलाय आणि त्यावर तीन लग्नांचं शूटिंग आहे, ज्याची दुसरी कॉपी नाही. टाइमलाइन हलवताना मशीन अर्धा मिनिट गोठतं, मग डी ड्राइव्ह जातो. रीस्टार्ट केलं की कधी पहिल्या खेपेला दिसतो, कधी तिसऱ्या. एकानं चेकडिस्क सांगितलंय, दुसऱ्यानं रेड कार्ड (रेड सांभाळणारं वेगळं कार्ड) घ्यायला सांगितलंय. तुम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहता, मी राजारामपुरीत. घरून लग्नाचे व्हिडिओ करणारे आपण सगळे याच जागी अडकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्ट्राइप म्हणजे पोथीची वाटणी समजा. विषम पानं थोरल्याच्या घरी, सम पानं धाकट्याच्या. दोघं एकाच वेळी वाचायला बसले तर पोथी निम्म्या वेळात संपते, पण धाकट्यानं दार लावून घेतलं तर थोरल्याकडची पानं कुणाच्याच कामाची नाहीत. स्ट्राइपचा तुकडा 128 केबीचा असेल तर 10 जीबीच्या एका क्लिपचे 81,920 तुकडे होतात आणि ते आळीपाळीनं दोन डिस्कवर पडतात. म्हणजे एका डिस्कवर कुठलीच मोठी फाइल सलग नसते. या पद्धतीत जादाची प्रत कुठेही नाही. नावात रेड आहे म्हणून सुरक्षित असेल, असं वाटून घेऊ नका.

आता चेकडिस्क का नको ते. ते फाइलींची यादी तपासतं आणि खालची डिस्क खरं बोलते असं धरून चालतं. तुमची एक डिस्क मध्येच गप्प होते. त्या क्षणी चेकडिस्कला यादीतली अर्धी पानं वाचता येत नाहीत किंवा विस्कटलेली दिसतात, आणि ‘दुरुस्ती’ म्हणून ते त्या नोंदी काढून टाकतं. नंतर डिस्क शुद्धीवर आली तरी कुठली फाइल कुठं होती ही माहिती गेलेली असते. केबल बदलून सुटलं असतं असं दुखणं त्यामुळं कायमचं होऊन बसतं. हे मी दोन ओळखीच्या मशीनवर डोळ्यांनी पाहिलंय, आणि दोन्हीकडं घरचं लग्न गेलं होतं.

तेव्हा पहिलं काम कॉपी. ड्राइव्ह दिसतोय तोवरच. एक बाहेरची डिस्क जोडा आणि कॅमेऱ्यातून आलेलं मूळ शूटिंग आधी काढा. प्रोजेक्ट फाइली छोट्या असतात, त्याही लगेच घ्या. एक्स्पोर्ट झालेले व्हिडिओ आणि गाणी शेवटी, ती पुन्हा मिळतात. सगळा ड्राइव्ह एका दमात ओढू नका, एकेका लग्नाचं फोल्डर घ्या. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपीची कमांड) वापरत असाल तर एक सांभाळा: न वाचता येणारी फाइल आली की ते मुळात 10 लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक प्रयत्नामागे 30 सेकंद थांबतं. स्लॅश आर कोलन 1 आणि स्लॅश डब्ल्यू कोलन 1 असं लिहिलं की एकदाच पुन्हा प्रयत्न करून ते पुढच्या फाइलकडं जातं. जी राहिली ती नंतर बघता येते. कॉपी चालू असताना डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज आला तर तिथंच मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबकडं न्या. तिथं घरचे उपाय चालत नाहीत.

कॉपी हातात आली की मग शोध. इथं बहुतेक जण डिस्कवर आळ घेतात आणि नवीन डिस्क आणतात. मी आधी वायर बघायला सांगेन.

माझ्याकडं हेच झालं होतं. तुळशीचं लग्न लागलं की आपला सीझन, आणि ऐन त्या दिवसांत माझा ड्राइव्ह रोज संध्याकाळी एक्स्पोर्ट लावला की पडायचा. दिवसा साधं काम करताना काही नाही. तीन आठवडे मी एकाच डिस्कवर संशय घेऊन बसलो होतो. शेवटी कॅबिनेट उघडलं. दोन्ही डिस्कना वीज एकाच वाय केबलमधून दिलेली होती, जुन्या चार पिनच्या मोलेक्स प्लगमधून आताच्या डिस्कना लागणारे दोन साटा प्लग काढलेली. डिस्कमागचा काळा प्लग ओढला तर तो नेहमीसारखा सुटेना, चिकटल्यासारखा झाला होता. निघाल्यावर पिवळ्या वायरीकडच्या पिना तपकिरी पडलेल्या दिसल्या, भोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन थोडं फुगलं होतं आणि जळक्या बेकेलाइटसारखा बारीक वास येत होता. मल्टिमीटर लावला. पॉवर सप्लायच्या टोकाला 12.0 व्होल्ट, आणि दोन्ही डिस्क जोरात चालू असताना वाय केबलच्या टोकाला 11.2. बारा व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 मध्ये राहिली पाहिजे, पाच व्होल्टची 4.75 ते 5.25 मध्ये. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना एकटीच बारा व्होल्टवर साधारण 2 अँपिअर ओढते. सैल पडलेल्या संपर्कातून दोन डिस्कचा भार गेला की तिथं उष्णता होते, व्होल्टेज पडतं आणि एक डिस्क क्षणभर रीसेट होते. रेडच्या लेखी ती मेली. मी वाय केबल टाकून दिली आणि पॉवर सप्लायच्या दोन वेगळ्या वायरींवरून एकेका डिस्कला थेट जोडणी दिली. त्यानंतर त्या डिस्क आणखी चार वर्षं चालल्या.

म्हणून तुम्हीही मशीन बंद करून, प्लग काढून, वीज देणारे कनेक्टर हातानं तपासा. डोळ्यानं नुसतं पाहून कळत नाही.

त्यानंतर स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. रेडमधल्या डिस्क त्यात वेगवेगळ्या दिसल्या नाहीत तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून तेच आकडे दाखवणारी स्मार्टसीटीएल कमांड चालवा, पण तिथं काही लिहू नका, फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा. बघायच्या नोंदी चारच. 199 ही केबलवरच्या चुकांची मोजणी. ती वाढत असेल तर डेटा केबल किंवा पोर्ट खराब. 5, 197 आणि 198 हे प्लॅटरवरच्या (आतल्या फिरत्या चकतीवरच्या) खराब सेक्टरचे, म्हणजे छोट्या कप्प्यांचे, आकडे. 197 शून्याच्या वर असेल तर डिस्कला ती जागा वाचता येत नाहीये. क्रिस्टलमध्ये कच्चे आकडे मुळात हेक्झाडेसिमलमध्ये असतात, तिथं 10 दिसलं तर ते 16 असतं. सेटिंगमधून दशमान करून घ्या. 199 चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, त्यामुळं आजचा आकडा कागदावर लिहा, केबल बदला, दोन दिवस काम करा आणि पुन्हा बघा. स्थिर राहिला तर चोर सापडला. डिस्कच्या अंगावरचा सिरीयल नंबर आणि कुठली कुठल्या पोर्टला होती याचा आधी फोटो काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

तुमचं ते अर्ध्या मिनिटाचं गोठणं मला जास्त खटकतंय. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की ती हट्टानं पुन्हापुन्हा वाचत बसते, कधी कधी मिनिटभरसुद्धा. एकटी असेल तर ते चांगलंच, तुमची फाइल बचावते. पण रेड एवढा वेळ वाट बघत नाही, उत्तर आलं नाही की डिस्कला बाहेर काढतो. रेडसाठी बनवलेल्या डिस्क म्हणूनच साधारण 7 सेकंदांत प्रयत्न सोडून ‘वाचता आलं नाही’ असं कळवतात. तुमच्या 197 मध्ये काही आकडा निघाला तर हेच घडतंय असं समजा. मग त्या डिस्कची डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरनं तेवढ्याच आकाराच्या चांगल्या डिस्कवर सेक्टर टू सेक्टर प्रत काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं. 197 शून्य असेल तर विंडोजचं पॉवर सेटिंग बघा. ‘हार्ड डिस्क बंद करा’ हे बॅलन्स्ड प्लॅनमध्ये 20 मिनिटांवर असतं, ते ‘कधीच नाही’ करा. झोपेतून उठायला उशीर करणारी डिस्कही बाहेर फेकली जाते. उन्हाळ्यात दोन डिस्क एकमेकींना चिकटून बसवल्या असतील तर मध्ये एक खाना सोडा आणि समोर पंखा द्या.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, तुम्ही शाहूपुरीत आहात म्हणून मुद्दाम. ऑगस्ट 2019 च्या पुरात पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा तुमच्याच भागातल्या एका फोटोग्राफर मित्रानं पीसी माळ्यावर चढवला. पाणी उतरल्यावर बऱ्याच दिवसांनी चालू केला तर स्ट्राइप गायब, आणि विंडोज दोन्ही डिस्क ‘इनिशियलाइज’ (कोऱ्या समजून नव्यानं तयार) करायला सांगत होतं. त्यानं ओके दाबायच्या आधी मला फोन केला म्हणून वाचलं. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला होता. वीज नसताना बायोसची (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग त्या सेलवर टिकतात. सेल गेला तशी ती मुळावर आली आणि साटा मोड रेडवरून एएचसीआय (डिस्क सुट्या दाखवणारा मोड) झाला. रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, तिला धक्का लागला नव्हता. नवीन 3 व्होल्टचा सेल टाकला, मोड परत रेड केला, सेव्ह करून चालू केलं, सगळं शूटिंग जागेवर. तुमच्या घड्याळाची तारीख अधूनमधून मागं जात असेल तर हा सेल आजच बदला. इनिशियलाइज विचारणारी चौकट कधीही आली तर रद्द करा.

रेड कार्ड घेऊ नका. केबल, वीज किंवा डिस्क यांपैकी जे दुखतंय ते कार्डानं बरं होत नाही, शिवाय नव्या कार्डाला जुन्या मदरबोर्डची स्ट्राइप ओळखता येईलच असं नाही. त्या पैशात साटाची एक एसएसडी घ्या. चांगल्या दोन हार्ड डिस्कची स्ट्राइप सलग वाचताना सेकंदाला 300-400 एमबी देते, साधी साटा एसएसडी 500 च्या वर, आणि टाइमलाइनवर इकडंतिकडं उड्या मारताना तर तुलनाच नाही. चालू प्रोजेक्ट एसएसडीवर ठेवा. दोन्ही हार्ड डिस्क धडधाकट निघाल्या तर स्ट्राइप मोडून वेगवेगळ्या वापरा, त्याच शूटिंगची एक प्रत हिच्यावर, एक तिच्यावर. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करायचं ते दोन्हीकडं कॉपी झाल्यावरच. लोकांनी आपल्या भरवशावर दिलेले दिवस आहेत ते, पुन्हा शूट करता येत नाहीत.

आज कॉपी लावा. ती झाली की दोन्ही डिस्कचे 5, 197, 198 आणि 199 चे आकडे आणि वीज कुठल्या वायरीवरून दिलीय त्याचा फोटो खाली टाका. मी रात्री दहानंतर बघतो.