ओतकामाचा प्रोजेक्ट तिला करू द्या

पत्र : मुलगी जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ॲल्युमिनियमचं ओतकाम कॉम्प्युटरवर मांडायचं आणि ते फाउंड्रीत जाऊन पडताळायचं, असा प्रोजेक्ट तिनं घेतलाय. यात पुढे काय आहे? त्यापेक्षा कोडिंग शिकून तिनं पुण्याला जावं, असं मला वाटतं.
– एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, नमस्कार. ठिबकच्या ड्रिपरवर ताशी 4 लिटर लिहिलेलं असतं, तरी लॅटरल नळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवून, घड्याळ लावून तुम्ही पाणी मोजताच ना? मुलगी तेच करतेय, पाण्याच्या जागी वितळलेला धातू आहे एवढंच.

आधी गणित बरोबर सुटतंय का ते बघायचं. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना गोठतं. पृष्ठभागाचं तापमान कायम धरलं तर गोठलेला थर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हे उत्तर कागदावर निघतं, तेच सॉफ्टवेअर देतंय का? मेश, म्हणजे हिशेबासाठी सॉफ्टवेअर तुकड्याचे छोटे भाग पाडतं ती जाळी, आणखी बारीक केली की उत्तर हलतंय का?

मग साच्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, बसवून खरं तापमान मोजायचं. इथे पोरं हमखास फसतात. धातूकडून साच्याकडे उष्णता किती वेगानं जाते, तो आकडा नक्की ठाऊक नसतो. मग आलेख जुळेपर्यंत तो आकडा बदलत राहतात आणि जुळलेला आलेखच पुरावा म्हणून लावतात. याला मी पडताळणी म्हणणार नाही. आकड्याला हात न लावता वेगळ्या जाडीचा तुकडा ओतायचा, तिथेही उत्तर जुळलं तर मॉडेलवर भरवसा ठेवायचा. आपलं उत्तर किती अंशांनी चुकू शकतं, हे छातीठोकपणे सांगणारा इंजिनिअर कारखान्याला हवाच असतो, कारण चुकीच्या अंदाजावर कापलेला साचा भंगारात जातो. जळगावच्या पाइप कारखान्यांत प्लास्टिकच्या प्रवाहाचाही असाच हिशेब असतो.

कोडिंग सुटत नाही, पायथन इथेही लागतंच. सोबत उष्णतावहन, संख्यात्मक पद्धती आणि संख्याशास्त्र पक्कं करू दे. एम.टेक. प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते. पुढे पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी संस्थेत किंवा आयआयटी मुंबईत धातुशास्त्राकडे वळता येईल. वाहन उद्योगामुळे पुणंही तिच्या वाटेवर आहेच.

ओतकामाच्या दिवशी सुती कपडे, बूट, चष्मा घालून जाऊ दे, ओढणी नको. काम संध्याकाळपर्यंत लांबतं, तेव्हा परतीची सोय तेवढी तुम्ही बघा.