नरांमधील मैत्री उत्क्रांतीत का टिकली आणि तिची किंमत काय?

नरांनी एकमेकांशी स्पर्धा करायची हेच निसर्गात ठरलेले असेल, तर त्यांच्यात मैत्री आली कोठून आणि तिच्यातून लाभ जास्त की तोटा, असे आपण विचारले आहे. ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. माझ्या मते ही मैत्री स्पर्धेच्या पोटातूनच जन्मली आहे: एकट्याला जमत नाही ते जोडीने साधते, मात्र साधलेले वाटून घ्यावे लागते.

येऊरच्या जंगलात दिसणारी काळ्या तोंडाची वानरे घ्या. त्यांच्या बऱ्याच कळपांत एकच प्रौढ नर असतो आणि उरलेले नर वेगळ्या टोळ्या करून हिंडतात. अशी टोळी एकजुटीने त्या नराला हुसकावते, पण नंतर बहुधा तिच्यातलाच एकजण साथीदारांनाही पिटाळून लावतो. जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ हे पाहिले. याला मी मैत्री म्हणणार नाही. ही कामापुरती युती झाली.

मैत्री म्हणावे असे नाते ‘आसामी माकड’ नावाच्या जातीत आढळते. थायलंडमधील फू खिओ अभयारण्यात शुल्के, ओस्टनर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की जे नर मोजक्या सोबत्यांजवळ सतत बसत आणि एकमेकांचे अंग साफ करत, ते भांडणात एकमेकांच्या बळावर वरच्या स्थानी चढले आणि त्यांना पिल्लेही अधिक झाली. या जातीचे नर वयात आल्यावर जन्माचा कळप सोडतात, त्यामुळे नव्या कळपातील मित्र सहसा रक्ताचे नसतात. म्हणून १९७१ मध्ये उत्क्रांतीचे अभ्यासक ट्रिव्हर्स यांनी मांडलेला परस्पर उपकाराचा विचार, म्हणजे आज मी तुला मदत करतो, उद्या तू मला कर, येथे मला महत्त्वाचा वाटतो.

किंमत मात्र भीषण असू शकते. टांझानियातील गोंबे येथे जेन गुडॉल यांच्या अभ्यासातील चिंपांझींचा समुदाय दुभंगला आणि १९७४ ते १९७८ या काळात एका गटातील नरांनी एकजुटीने दुसऱ्या गटातील नरांना, म्हणजे आपल्याच जुन्या सोबत्यांना, संपवले.

माणसाची तरुण मुलेही समवयस्क पाहत असताना अधिक धोका पत्करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. ठाण्यातील गोविंदा पथकांत मला दोन्ही बाजू दिसतात: नात्यागोत्याचे नसलेले तरुण एकमेकांच्या खांद्यांवर जीव सोपवतात आणि त्याच ओढीने झेपेल त्याहून एक थर जास्त रचू पाहतात. वरच्या थरांना दोर आणि हेल्मेट सक्तीचे असावे, असे मला मनापासून वाटते, कारण मित्रांच्या देखत ‘मी चढणार नाही’ असे म्हणणे त्या वयात फार अवघड असते.