मुलीने अमेरिकेतल्या कॉलेजात 'व्हॅम्पायर' हा विषय घेतलाय. त्यात शिकण्यासारखं काही असतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बॉस्टनला बायॉलॉजी शिकते, जोडीला तिने लोककथा, साहित्य आणि सिनेमातले व्हॅम्पायर (कबरीतून उठून माणसांचं रक्त पिणारी भुतं) असा एक विषय घेतलाय, आणि एवढी फी भरून भुताखेतांच्या गोष्टी कशाला, असं घरात चाललंय. मी मायक्रोबायॉलॉजीची. मास्टर्सला न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्याच भागात, होते तेव्हा अशाच एका कोर्सला बसले होते. तो मला आजही कामाला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिले दोन आठवडे कादंबरीचं नावही निघालं नाही. वाचायला होता एक सरकारी अहवाल. १७१८ च्या तहात उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे गेला होता. तिथल्या किसिल्येवो गावात १७२५ साली आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. दहा आठवड्यांपूर्वी वारलेला पेतार ब्लागोयेविच येऊन गळा दाबतो, असं ती मरणापूर्वी सांगत होती. गावकरी ऑस्ट्रियन अधिकाऱ्याकडे गेले: कबर उकरू द्या, नाहीतर आम्ही गाव सोडून जातो. फ्रोम्बाल्ड नावाचा तो अधिकारी स्वतः तिथे गेला आणि पाहिलेलं त्याने वर कळवलं. केस, दाढी, नखं वाढलेली. जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली. तोंडात ताजं रक्त. लोकांनी प्रेताच्या छातीत खुंटा ठोकला आणि ते जाळलं.

आमच्या बाईंनी सांगितलं, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं निळ्या पेन्सिलीने अधोरेखित करा आणि कानावर आलेलं लाल पेन्सिलीने. मला वाटलं होतं, पान लालच होणार. पण प्रेताचं वर्णन सगळं निळं निघालं, आणि ते बरोबरही होतं! मेल्यावर त्वचा आक्रसते, म्हणून नखं आणि दाढी वाढल्यासारखी दिसतात. कातडीचा वरचा थर सुटतो आणि खालचा कोवळा दिसतो. पोटात वायू साठून रक्तासारखा द्रव तोंडापर्यंत ढकलला जातो. माणसाने पाहिलं खरंच होतं, अर्थ लावताना चुकला. नोंद वेगळी आणि निष्कर्ष वेगळा, हे मी लॅबमध्ये शंभरदा ऐकलं होतं. अंगात मुरलं ते या अहवालामुळे.

पण मला खरा धक्का बसला तो बॉस्टनजवळच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्झिटर गावाने. जॉर्ज ब्राउन नावाच्या शेतकऱ्याची बायको आणि थोरली मुलगी क्षयाने गेल्या. मग मुलगा एडविन आजारी पडला. जानेवारी १८९२ मध्ये एकोणीस वर्षांची दुसरी मुलगी मर्सीही गेली. शेजारी म्हणू लागले की गेलेल्यांपैकी कोणीतरी एडविनला आतून खातंय. बापाचा विश्वास नव्हता, तरी त्याने मार्चमध्ये कबरी उघडू दिल्या. मर्सीचं प्रेत गोठवणाऱ्या थंडीत राहिलं होतं, साहजिकच टिकलं होतं; लोकांना तोच पुरावा वाटला. डॉक्टरने क्षयाची लक्षणं दाखवली, ती कोणी ऐकली नाहीत. तिचं काळीज जाळून राख एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला.

मी निबंधात लिहिलं, 'अज्ञानी लोक'. बाईंनी समासात एवढंच विचारलं: रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता, तर १८९२ मध्ये तू या बापाला कोणतं औषध दिलं असतंस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून पन्नास वर्षं होती. आमच्या घरातही एका आत्याला क्षय झाला होता आणि तिची ताट-वाटी कितीतरी वर्षं वेगळी ठेवलेली मी पाहिली आहे, औषधं असूनसुद्धा. तो निबंध मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

आणखी एक गोष्ट. एक्झिटरचे लोक 'व्हॅम्पायर' हा शब्द वापरतच नव्हते. तो वर्तमानपत्रांनी चिकटवला. तेव्हापासून प्रत्येक वाचनात मी आधी बघू लागले की हे नाव दिलंय कोणी. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं आजी सांगायची. वेतोबा म्हणजे आमचा वेताळच, गोव्यात त्यालाच बेताळ म्हणतात. आणि रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवासी-लेखकाने १८७० मध्ये वेताळ पंचविशीतल्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा आमच्या वेताळाचा सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकला. आजीच्या गोष्टींत ज्याने कधी कोणाचं रक्त प्यायलं नाही, त्याचा! मला ते फार लागलं. शेवटचा पेपर मी त्यावरच लिहिला.

कादंबऱ्या आणि सिनेमे नंतर येतात. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही कादंबरी मुद्दाम हळू वाचायला सांगा. ती सगळी डायऱ्या, पत्रं, तारा आणि कात्रणांनी रचलेली आहे, पण स्वतः काउंट ड्रॅक्युलाची, म्हणजे त्यातल्या व्हॅम्पायरची, डायरी त्यात नाही. त्याच्याबद्दल सगळे बोलतात, तो बोलला तरी दुसऱ्याच्या वहीतून. स्टोकरच्या टिपणांत १८९६ चं एक अमेरिकन कात्रण सापडतं, न्यू इंग्लंडच्या अशाच प्रकारांबद्दलचं. सिनेमाच्या भागात मला सगळ्यांत आवडलं ते हे की उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाची. पुस्तकातला काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडतो.

मुलीला सांगा, वाचन भरपूर असतं, दर आठवड्याला लिहावं लागतं, शेवटच्या रात्रीवर ठेवलं तर जमत नाही. आणि सवड काढून एक्झिटरला जाऊन यायला सांगा. मर्सीचा दगड चर्चमागच्या दफनभूमीत आहे, लहानसाच. तो एकदा चोरीला गेला होता, म्हणून आता लोखंडी पट्टीने जखडून ठेवलाय. मी गेले तेव्हा त्याच्यासमोर कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती.