‘बाबा, त्या टीमची केमिस्ट्री चांगली आहे’

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली १९ वर्षे न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. मुलगा यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. उंची सहा फूट एक इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून खेळतो, अभ्यासात चांगला आहे आणि त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे आहे. एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी त्याला शिष्यवृत्तीशिवाय, ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हणून घेण्याची तयारी दाखवली आहे. तेथे पुढच्या वर्षी देशभर गाजलेले दोन खेळाडू येणार आहेत. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातील एक लहान, तिसऱ्या श्रेणीतले म्हणजे डिव्हिजन थ्री कॉलेज त्याच्या मागे लागले आहे. मी स्वतः कॉलेजात कबड्डी खेळलेला आहे आणि मोठ्या खेळाडूंच्या सहवासात माणूस घडतो असे मला वाटते. मुलगा मात्र म्हणतो, ‘बाबा, त्या छोट्या कॉलेजच्या टीमची केमिस्ट्री चांगली आहे.’ ही केमिस्ट्री म्हणजे नेमके काय, आणि तिच्या भरवशावर चार वर्षांचा निर्णय घ्यावा का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कोणता संघ जिंकतो, हा एक आणि कोणत्या संघात आपल्या मुलाचे भले होईल, हा दुसरा. या दोहोंतले अंतर किती मोठे असू शकते, याचे उदाहरण आपल्या घरापासून फार दूर नाही. शेजारच्या पिस्कॅटवेतील रटगर्स विद्यापीठात २०२४-२५ च्या हंगामात डिलन हार्पर आणि एस बेली हे दोन नवे खेळाडू आले. त्या वर्षी हायस्कूलमधून बाहेर पडलेल्या साऱ्या देशातील मुलांमध्ये हे दोघे पहिल्या पाचांत गणले जात होते आणि रटगर्सला असे भाग्य पूर्वी लाभले नव्हते. तो संघ १५ सामने जिंकला, १७ हरला आणि मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्रही ठरला नाही. हार्परला मध्यंतरी आजारपण आणि दुखापत यांनी गाठले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण एवढ्यावरून सगळा हिशेब लागत नाही. आता पुढचा भाग पाहा. जून २०२५ मध्ये एनबीएच्या, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, निवडीत हार्पर दुसऱ्या आणि बेली पाचव्या क्रमांकावर निवडले गेले. संघ जुळला नाही म्हणून त्या दोघांचे फारसे काही बिघडले नाही. बिघडले असेल तर ते त्याच संघातील उरलेल्या मुलांचे, ज्यांच्या कॉलेजजीवनातले एक वर्ष त्या पराभवांत गेले आणि ज्यांची नावे निवडीच्या रात्री कोणी पुकारली नाहीत. आपला मुलगा वॉक-ऑन म्हणून गेला तर तो या उरलेल्यांपैकी एक असेल, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागेल.

आता केमिस्ट्रीविषयी. हा शब्द ऐकून आपल्याला ती मुले एकत्र जेवतात, एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात असे काहीतरी वाटले असावे आणि मुलाला कदाचित तेच दिसले असेल. मैदानावरची केमिस्ट्री ही त्याहून बरीच कोरडी गोष्ट आहे आणि कबड्डी खेळलेल्या माणसाला ती समजावून सांगण्याची गरज पडू नये. कोपऱ्यातला बचावपटू चढाईपटूच्या घोट्याला हात घालतो, त्या क्षणी शेजारचा अंगावर आला नाही तर गुणही जातो आणि खेळाडूही. त्या शेजाऱ्याला कोणी हाक मारलेली नसते; याचा हात केव्हा जाणार, हे त्याला शेकडो वेळा सोबत खेळून कळलेले असते. बास्केटबॉलमध्ये एका गार्डला चकवून प्रतिस्पर्धी आत शिरला की दुसऱ्याने आपला माणूस सोडून त्याला अडवायचे असते, दुसऱ्याच्या माणसावर तिसऱ्याने धावायचे असते आणि हे सारे दीड-दोन सेकंदांत उरकायचे असते. ज्या पोरांना आजवर प्रत्येक संघात चेंडू आपल्याच हाती असण्याची सवय आहे, त्यांना हे धावणे नवे असते. ते स्वार्थी असतात असे नाही. आजवर त्यांच्याकडून कोणी हे काम मागितलेलेच नसते.

म्हणूनच तारे आणि ताळमेळ यांचे वैर आहे असे मी मानत नाही. २०१२ मध्ये केंटकी विद्यापीठाने त्याच राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळवले तेव्हा त्या संघात पहिल्या वर्षाच्या मुलांचा भरणा होता, आणि त्यांतील अँथनी डेव्हिस व मायकेल किड-गिलख्रिस्ट यांची त्याच उन्हाळ्यात एनबीएच्या निवडीत पहिल्या दोन क्रमांकांवर निवड झाली. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात डेव्हिसने दहापैकी एकच फेक बास्केटमध्ये टाकली आणि त्याचे गुण झाले अवघे ६. तरीही त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला, कारण त्याच सामन्यात त्याने १६ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतरचे चेंडू) घेतले होते आणि प्रतिस्पर्ध्यांच्या ६ फेकी वरच्या वर अडवल्या होत्या. त्याच संघातला डॅरिअस मिलर शेवटच्या वर्षाचा होता, केंटकीतच वाढलेला होता, आणि तरी नव्या पोरांना सुरुवातीला मैदानात उतरू देऊन बहुतेक सामन्यांत स्वतः बाकावरून उठून खेळायला येत असे. माझ्या मते त्या विजेतेपदाचे अर्धे मर्म या एका व्यवस्थेत आहे, कारण चौथ्या वर्षाच्या मुलाने बाकावर बसणे मनापासून स्वीकारले की पहिल्या वर्षाच्या मुलाला रुसायला जागा उरत नाही. याउलट २०१९ च्या ड्यूक संघात झायन विल्यमसन, आर. जे. बॅरेट आणि कॅम रेडिश हे त्या वर्षीचे अव्वल तिघे एकाच वेळी होते. तो संघ वाईट नव्हता, पण अंतिम चार संघांत पोहोचण्याआधीच मिशिगन स्टेटकडून एका गुणाने हरला, आणि विजेतेपद व्हर्जिनियाकडे गेले, ज्याचे काइल गाय आणि टाय जेरोम तिसऱ्या वर्षाला होते आणि आदल्या वर्षीचा एक अतिशय मानहानिकारक पराभव एकत्र पचवून आले होते.

आपण जर्सी सिटीला इंडिया स्क्वेअरमध्ये किराणा आणायला जात असाल, तर तेथून जवळच सेंट पीटर्स नावाचे छोटेसे जेझुइट विद्यापीठ आहे. मार्च २०२२ मध्ये त्याच्या संघाने केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असे हरवले, तेही केंटकीकडे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू ऑस्कर शिबवे असताना आणि त्याने त्या सामन्यात ३० गुण केले असताना. पुढे मरे स्टेट आणि पर्ड्यू यांनाही हरवून सोळा संघांच्या गटात पंधरावे मानांकन असलेला हा संघ अंतिम आठांत पोहोचला. त्या मानांकनाचा एकही संघ त्याआधी तेथवर गेला नव्हता. ही कथा सहसा इथेच संपवली जाते, आणि जिद्दीच्या पोरांनी नामवंतांना कसे नमवले, असे त्याचे तात्पर्य निघते. मला त्यानंतरचे दिवस अधिक बोलके वाटतात. स्पर्धा संपल्यावर काही दिवसांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे स्वतःच्या जुन्या विद्यापीठात, सीटन हॉलला, निघून गेले. के. सी. एन्डेफो त्यांच्या मागोमाग गेला, केंटकीविरुद्ध २७ गुण करणाऱ्या डॅरिल बँक्सने दुसरे विद्यापीठ धरले, मिशीमुळे देशभर ओळखला जाऊ लागलेला डग एडर्टही गेला. ज्या जुळणीचे साऱ्या अमेरिकेने कौतुक केले, ती पुढच्या हिवाळ्यात कोणाला पाहायला मिळाली नाही.

याला नियमही कारणीभूत आहेत. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावे लागत नाही आणि २०२४ पासून कितीही वेळा बदलले तरी, अभ्यासाच्या अटी पाळल्यास, तो लगेच खेळू शकतो. प्रशिक्षकही त्याच हिशेबाने संघ उभा करतात. २०२५ चा विजेता फ्लोरिडा संघ पाहिला तर वॉल्टर क्लेटन आयोनाहून, विल रिचर्ड बेल्माँटहून आणि अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आलेले होते. म्हणजे जुळणीला चार वर्षेच लागतात असेही नाही. वयाने आणि खेळाने पिकलेली, आपले काम ओळखणारी मुले एकत्र आली की ती त्याहून लवकरही होते.

म्हणून आपल्या मुलालाही एक अवघड प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या मुलांची केमिस्ट्री त्याला आवडली, त्यांच्यापैकी किती जण तो दाखल होईल तेव्हा तेथे असतील? भेटीच्या वेळी कॉलेजे आपली सर्वांत प्रेमळ, मोकळी मुले पाहुण्यांसोबत देतात आणि ती बहुधा शेवटच्या वर्षाची असतात. त्याने त्या संघाच्या गेल्या तीन वर्षांच्या याद्या संकेतस्थळावरून उतरवून घ्याव्यात आणि पहिल्या वर्षी आलेली किती नावे तिसऱ्या वर्षीही टिकली, हे मोजावे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे ज्याला कंटाळा येतो तो संघ सोडून सरळ अभ्यासाला लागतो. तेथे मुले टिकत असतील तर ती खेळाच्या ओढीने टिकतात. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो, त्याला मी शून्य गुण देतो. त्यापेक्षा एखादा सराव शेवटपर्यंत पाहावा. दमलेल्या शेवटच्या वीस मिनिटांत, चूक झाल्यावर मुले एकमेकांशी कोणत्या सुरात बोलतात, ते ऐकावे. आणि जे दोन-तीन खेळाडू फारसे खेळत नाहीत, त्यांना प्रशिक्षकांच्या माघारी भेटावे, कारण संघाची खरी प्रकृती बाकावरच्या मुलांना ठाऊक असते.

डिव्हिजन वनच्या प्रस्तावाबद्दल मी अधिक सावध आहे. प्रेफर्ड वॉक-ऑन हा करार नव्हे, तो प्रशिक्षकांनी दिलेला शब्द आहे आणि प्रशिक्षक बदलला की शब्दही बदलू शकतो. त्यातच २०२५ च्या उन्हाळ्यात न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, विद्यापीठांकडून खेळाडूंना थेट पैसे देण्याची व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल संघात १५ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. पूर्वी शिष्यवृत्त्या १३ असत, पण शिष्यवृत्तीविना कितीही मुले बाळगता येत. आता प्रत्येक जागा मोजून दिली जाते आणि कात्री प्रथम वॉक-ऑनवर चालते. हे विद्यापीठ त्या व्यवस्थेत आहे का, आणि पंधरांत आपल्या मुलाचा क्रमांक कितवा, हे स्पष्ट विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

तेथे त्याचे काम काय असेल, हेही समजून घ्या. सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या तुकडीत त्याचा बहुतेक वेळ जाईल. त्या दोन गाजलेल्या खेळाडूंना रोज अडवायला मिळेल, यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे हे मी नाकारत नाही. आपण म्हणता तो सहवास तो हाच. पण हंगामात आठवड्याला वीस तासांपर्यंत अधिकृत सराव, शिवाय प्रवास, आणि मोठ्या परिषदांचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांचा, विस्तार आता असा झाला आहे की बिग टेनमध्ये न्यू जर्सीचा संघ लॉस एंजेलिस आणि सिएटलपर्यंत खेळायला जातो. दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स आणि प्रयोगशाळेची सत्रे सुरू झाली की, सामन्यात दोन मिनिटेही न खेळणारा मुलगा विमानात बसून प्रयोगाचे अहवाल लिहीत असेल. ज्याला पुढे प्रशिक्षक व्हायचे आहे त्याच्यासाठी हे चार वर्षांचे उत्तम शिक्षण ठरू शकते आणि आपल्या मुलाच्या मनात तसे असेल तर माझे मत मी बदलेन. पत्रात तसा उल्लेख मात्र नाही.

लहान कॉलेजच्या बाबतीत माझी शंका खेळापेक्षा पदवीची आहे. अनेक लहान कॉलेजांत मेकॅनिकल इंजिनिअरिंग नसतेच. असते ते तीन अधिक दोन वर्षांचे जोडशिक्षण, ज्यात शेवटची दोन वर्षे दुसऱ्या विद्यापीठात काढावी लागतात. तसे असेल तर आवडलेला संघ तीनच वर्षे मिळेल आणि शिक्षणाचा खर्च पाच वर्षांचा होईल. इंजिनिअरिंगची पदवी त्यांची स्वतःची असेल तर तिला अबेट या संस्थेची मान्यता आहे का, ते पाहावे. खर्चासाठी कॉलेजच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये आपले खरे आकडे भरावेत आणि प्रशिक्षकांना विनंती करून प्रवेश कार्यालयाकडून मुलाच्या गुणपत्रकाचे आगाऊ वाचन करून घ्यावे. तेथे अर्ली डिसीजनने अर्ज करण्याचा आग्रह झाला तर हे दोन्ही हाती आल्याशिवाय सही करू नये, कारण त्या अर्जात प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे वचन असते.

पदवी आणि खर्च यांचे उत्तर समाधानकारक आले, तर मी लहान कॉलेजच्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण केमिस्ट्री नाही. तेथे तो प्रत्यक्ष खेळेल, चुकेल आणि तरीही पुढच्या सामन्यात त्याला उतरवले जाईल. बाकावर बसून कोणाशीही जुळवून घेता येते. आपला पास दुसऱ्याच्या हातून सुटल्यावरही पुढच्या वेळी त्यालाच तो द्यावा लागतो, तेव्हा खरी जुळणी शिकायला मिळते, आणि ती शिकण्यासाठी मैदानावरची मिनिटे लागतात.

एक विनंती आहे. दोन्ही प्रशिक्षकांशी आजवर बोलणे आपणच केले आहे, असे पत्राच्या सुरावरून वाटते. यापुढचे फोन मुलाने करावेत. आपण शेजारी बसून ऐकायला हरकत नाही. आणि यादीतली नावे मोजून झाल्यावर पुढचे पत्र त्यालाच लिहू द्या. मराठी लिहिणे जड जात असेल तर इंग्रजीत लिहिले तरी चालेल.