वाचक विचारतात : स्पोर्ट क्वाड – वेगासाठी कोणती, वाटेसाठी कोणती?

प्रश्न : मी सॅन दिएगोला राहतो. हिवाळ्यात मित्रांबरोबर ग्लॅमिसच्या वाळूत आणि उन्हाळ्यात डोंगरातल्या जंगलवाटांवर क्वाड, म्हणजे हँडलने वळणारी चार चाकी उघडी गाडी, चालवतो. आजवर मित्राच्या सुझुकी एलटीझेड 400 वर भागवले, आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. यामाहाची वायएफझेड 450 आर आणि रॅप्टर 700 आर या दोहोंमध्ये मन अडकले आहे. वेगाने सरस कोणती आणि वाटांवर सोयीची कोणती?

उत्तर : आपण एका वाक्यात दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांपासून दूर जातात, हे आधीच सांगतो. कागदावर पाहिले तर दोन्ही गाड्यांची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात आहे, दोन्ही कारखान्यातून आल्या तशा ताशी 75 मैलांच्या आसपास पोहोचतात आणि किमतीतही फार मोठी तफावत नाही. फरक आहे तो ही ताकद इंजिनाच्या कोणत्या फेऱ्यांवर मिळते, यात.

वायएफझेड 450 चे इंजिन 449 सीसीचे आहे. त्यातला पिस्टन 95 मिलिमीटर रुंद असून तो जेमतेम 63 मिलिमीटर वरखाली होतो. रॅप्टरचे इंजिन 686 सीसीचे, पिस्टन 102 मिलिमीटरचा आणि त्याची धाव 84 मिलिमीटरची. आखूड धावेचे इंजिन चटकन फेरे घेते, पण त्याचा खरा जोर वरच्या फेऱ्यांत असतो. म्हणून 450 चालवणाऱ्याला सतत गिअर बदलत, क्लचशी खेळत इंजिन तापते ठेवावे लागते. लांब धावेचे रॅप्टर मात्र तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालत असतानाही अंगठ्याखालचे थ्रॉटल दाबले की तक्रार न करता ओढते. मोटोक्रॉसच्या मैदानावर, जिथे उडी, वळण आणि पुन्हा उडी असा क्रम असतो, तिथे 450 निःसंशय वेगवान आहे. तिची सस्पेन्शनची हालचाल पुढे सुमारे 250 आणि मागे 280 मिलिमीटर आहे, वजन सर्व द्रवांसह 184 किलोंच्या आसपास आणि रुंदी जास्त असल्याने ती वळणात घट्ट बसते. रॅप्टर सात-आठ किलोंनी जड आहे आणि तिच्या सस्पेन्शनची हालचालही थोडी कमी आहे.

जंगलवाटेवर हिशेब उलटतो. झाडांमधून वळत जाणाऱ्या वाटेवर सरासरी वेग ताशी पंधरा-वीस मैलांपुढे क्वचितच जातो, तेव्हा कमाल वेगाचा आकडा तिथे कामाचा नसतो. कामाच्या तिथे तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे रिव्हर्स गिअर. रॅप्टरला तो आहे, वायएफझेडला नाही. चढावर झाडाच्या बुंध्याला पुढचा बंपर टेकला की वायएफझेडवाल्याला खाली उतरून, मागच्या लोखंडी दांड्याला धरून, जवळजवळ दोनशे किलोंची गाडी हाताने मागे ओढावी लागते. एका दिवसात हे चार-पाच वेळा झाले की घरी परतताना वेगाची आठवण राहत नाही, कंबरेची राहते. दुसरी गोष्ट रुंदीची. अमेरिकेच्या वनविभागाच्या अनेक वाटा 50 इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठीच खुल्या असतात. रॅप्टर सुमारे 46 इंचांची आहे, वायएफझेड जवळपास 49 इंचांची. म्हणजे वायएफझेड बसते, पण चाके बाहेर सरकवणारे स्पेसर लावले की ती नियमाबाहेर जाते. तिसरी गोष्ट इंधनाची : रॅप्टरची टाकी सुमारे अकरा लिटरची, वायएफझेडची दहाची. हा फरक लहान आहे. तो केवळ नोंदवून ठेवतो.

एलटीझेड 400 वर आपण शिकलात, हे एका अर्थी चांगले झाले, कारण तिच्याप्रमाणेच या दोन्ही गाड्यांना मागे डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. वळताना आतल्या चाकाने कमी अंतर कापायला हवे, ते या रचनेत शक्य नसते आणि त्यामुळे गाडी सरळच जाऊ पाहते. उपाय एकच : अंग आतल्या बाजूला झुकवून, पण वजन बाहेरच्या फूटरेस्टवर देऊन आतले चाक हलके करायचे आणि थोडे थ्रॉटल देऊन मागची बाजू सरकवायची. रुंद वायएफझेड हे वेगात सुंदर करते, पण अरुंद, हळू वळणांत तिची रुंदी अडचण होते. रॅप्टर तिथे कमी श्रमात वळते, मात्र वेगात नेली की उलटायलाही तीच अधिक तत्पर असते.

ग्लॅमिसच्या वाळूत पुन्हा रॅप्टरकडे झुकतो. उंच टेकडीवर चढताना वाळू चाकांची ताकद शोषून घेते. तिथे फेरे उतरू न देता ओढणारे मोठे इंजिन हवे. मागे पॅडल टायर (वल्ह्यासारख्या उंच पट्ट्यांचे) लावले की चाकांवरचा भार आणखी वाढतो आणि लहान इंजिनाला तो लगेच जाणवतो. वाळूसाठी पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचा) एक दात कमी करण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो चुकीचा नाही. चौदाऐवजी तेरा दात केले तर जोर सात-आठ टक्क्यांनी वाढतो आणि कमाल वेग जवळपास तेवढाच उतरतो. एका स्प्रॉकेटची किंमत मोजून हा प्रयोग करता येतो. एक्झॉस्ट बदलण्याआधी तोच करावा. एक्झॉस्ट बदललाच तर ठिणगीरोधक जाळी असलेला घ्या, कारण सार्वजनिक जमिनीवर ती सक्तीची आहे. ग्लॅमिसला जमिनीपासून आठ फूट उंच झेंडाही लागतो, हे आपण जाणत असालच.

माझा कौल रॅप्टर 700 आरच्या बाजूने आहे. शर्यतींत उतरायचा विचार असेल तरच वायएफझेड घ्यावी.

प्रश्न : आमच्या फिनिक्समधल्या घराजवळ जुन्या क्वाड स्वस्तात मिळतात. होंडा टीआरएक्स 450 आर, कावासाकी केएफएक्स 450 आर आणि सुझुकी एलटी-आर 450 या तीन पाहिल्या. त्यांतली कोणती आणि घेताना काय तपासावे?

उत्तर : या तिन्ही गाड्या 2004 ते 2014 या काळातल्या, जेव्हा जपानी कंपन्यांमध्ये 450 सीसीची चुरस रंगात होती. होंडाची 2004 मध्ये केवळ किक स्टार्टवर आली आणि 2006 मध्ये तिला बटन स्टार्टची आवृत्ती मिळाली. इंधन मात्र ती शेवटपर्यंत कार्ब्युरेटरमधूनच घेत राहिली. सुझुकीची 2006 मध्ये फ्युएल इंजेक्शनसह आली. ती थेट शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेली, बसकी आणि रुंद गाडी आहे. 2008 ची कावासाकी फ्युएल इंजेक्शनसोबत ॲल्युमिनियमची चौकट आणि रिव्हर्स गिअर घेऊन आली, जो या वर्गात दुर्मीळ होता. वाटांवर जाणार असाल तर तिघींत कावासाकी पाहावी. उंच डोंगरांत जाणार असाल तर होंडाच्या कार्ब्युरेटरचा विचार करून ठेवावा, कारण फिनिक्सला नीट लावलेले जेट (कार्ब्युरेटरमधली इंधन सोडणारी बारीक छिद्रे) दहा हजार फुटांवर विरळ हवेत जास्त इंधन सोडतात आणि गाडी धुराने गुदमरते. इंजेक्शनची गाडी हवेच्या दाबाप्रमाणे इंधन स्वतःच कमी करते.

तपासणीची सुरुवात थंड इंजिनापासून करा. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. या वर्गात टायटॅनियमचे व्हॉल्व्ह सर्रास असतात. ते झिजले की त्यांची फट कमी होत जाते आणि गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुरते, तापल्यावर मात्र नीट चालते. विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. नंतर मागची बाजू जॅकवर उचलून चाक वरून आणि खालून धरून ढकला-ओढा. खडखड जाणवली तर एक्सलचे बेअरिंग गेले आहे. पुढच्या चाकांना तसेच केले की बॉल जॉइंटची अवस्था कळते. शेवटी एअर फिल्टर काढून त्याच्या मागच्या नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर इंजिनानेही ती खाल्ली आहे, तेव्हा गाडी कितीही चकचकीत असली तरी परत फिरा.

प्रश्न : दुबईत नुकताच आलो आहे. बदायरच्या वाळूत भाड्याने क्वाड मिळते. मित्र म्हणतात रॅप्टर 700 च घे, बाकीच्या खेळणी आहेत. मी मोटरसायकल पुष्कळ चालवली आहे, क्वाड कधीच नाही.

उत्तर : मित्रांचे ऐकू नका. रॅप्टरची कीर्ती खरी आहे. डकार रॅलीत 2009 पासून 2024 पर्यंत क्वाडचा स्वतंत्र वर्ग होता आणि त्या साऱ्या काळात पहिला क्रमांक यामाहाकडेच राहिला. पण ती माणसे वर्षभर हेच करत होती. आपल्याला पहिल्या दिवशी 250 ते 400 सीसीची साधी गाडी पुरेशी आहे.

मोटरसायकलचा अनुभव इथे दोन ठिकाणी आडवा येतो. मोटरसायकलवर तोल गेला की पाय खाली टेकवायची सवय लागलेली असते. क्वाडवर तसे केल्यास आपलेच मागचे चाक आपल्या पायावरून जाते, म्हणून काहीही झाले तरी पाय फूटरेस्टवरच ठेवावेत. दुसरे म्हणजे थ्रॉटल मुठीत नसून अंगठ्याखाली असते. धक्का बसला की माणूस हँडल आवळतो आणि त्या आवळण्यात अंगठाही दाबला जातो. अनेक भाड्याच्या गाड्यांच्या थ्रॉटलजवळ एक छोटा स्क्रू असतो, त्याने अंगठ्याची धाव मर्यादित करता येते. तो आवळून द्यायला सांगा. चांगला दुकानदार हसणार नाही.

वाळूच्या टेकडीचा माथा हा सर्वांत धोक्याचा भाग आहे. वाऱ्याच्या बाजूचा उतार सौम्य असतो आणि पलीकडची बाजू एकदम तुटलेली असते. सकाळी दहानंतर ऊन डोक्यावर आले की सावल्या नाहीशा होतात आणि हा तुटलेला भाग दिसेनासा होतो. म्हणून माथ्याजवळ वेग कमी करा, पण थांबू नका. थोडे तिरके होऊन पलीकडे पाहा आणि मगच उतरा. उतरताना नाक सरळ खाली ठेवा. उतारावर आडवे जाऊ लागलात तर गाडी लोळते. फेरी सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा ठेवली तर सावल्या आपल्यासाठी काम करतात.

प्रश्न : कोल्हापूरला माझ्याकडे राजदूत 350 होती. परदेशी चित्रफितींत यामाहाची बॅन्शी क्वाड पाहिली, आवाज अगदी तसाच वाटला. दोघींचे इंजिन एकच का? आणि अशी क्वाड भारतात चालवता येईल का?

उत्तर : आपला कान पक्का आहे. बॅन्शी अमेरिकेत 1987 ते 2006 या काळात विकली गेली. तिचे 347 सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन यामाहाच्या पाण्याने थंड होणाऱ्या आरडी 350 एलसी या मोटरसायकलच्या वंशातले. आपली राजदूत त्याआधीच्या, हवेने थंड होणाऱ्या आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने इथे बांधलेली. म्हणजे दोघी चुलत बहिणी म्हणता येतील, सुटे भाग मात्र एकमेकींना बसणार नाहीत. बॅन्शीला ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, तिला किकनेच सुरू करावे लागते आणि खालच्या फेऱ्यांत झोपलेले इंजिन एका टप्प्यानंतर एकदम उसळते. सरळ वाळूत हा स्वभाव अजूनही मजेचा वाटतो. वळणाच्या वाटेवर तो थकवतो आणि आजच्या 450 गाड्या तिथे तिला मागे टाकतात.

भारतात क्वाड रस्त्यावर चालवण्यासाठी सामान्यतः नोंदवता येत नाही, त्यामुळे ती खासगी जमिनीपुरतीच मर्यादित राहते. सुझुकीने 2015 मध्ये ओझार्क 250 आणि 400 सीसीची क्वाडस्पोर्ट झेड 400 इथे आणली होती. दुसरीची किंमत दिल्लीत साडेआठ लाख रुपये होती, म्हणजे चांगल्या मोटारीइतकी, आणि तीही रस्त्यासाठी नव्हती. नंतर पोलारिसने स्पोर्ट्समन 570 ही गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंदवून घेऊन वाट काढली, पण ती चारही चाकांनी ओढणारी कामाची गाडी आहे, स्पोर्ट क्वाड नव्हे. शेत स्वतःचे असेल तर त्यात एक वळणावळणाची वाट आखून घ्यावी. किनाऱ्याचा विचार मनात असेल तर तो सोडावा. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे आणि कोकणातल्या वेळास, गोव्यातल्या मोरजीसारख्या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात. शिवाय खारे पाणी चेन आणि एक्सलचे बेअरिंग थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे, उंचीने माझ्याएवढा. माझी 450 त्याला देऊ का? (न्यू जर्सी)

उत्तर : देऊ नये. कंपन्या स्वतःच 450 आणि 700 सीसीच्या गाड्यांवर सोळा वर्षांखालील मुलांना मनाई करणारी सूचना चिकटवतात, आणि सोळा पूर्ण झाल्यावरही त्या अनुभवी चालकासाठीच आहेत असे सांगतात. 1988 मध्ये अमेरिकेतील ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानंतर क्वाडच्याच जातीच्या तीन चाकी गाड्यांची विक्री थांबली आणि वयाच्या या मर्यादाही त्याच काळात पक्क्या झाल्या. उंची असली तरी घसरत्या गाडीला अंगाच्या वजनाने वळवण्याची ताकद आणि माथ्यावर वेग उतरवण्याचा समंजसपणा या वयात क्वचितच असतो. त्याच्या वयासाठी कंपनीने ठरवलेली लहान गाडी घ्या, मान्यताप्राप्त प्रशिक्षण करवून घ्या आणि पहिल्या महिन्यात टायरमधली हवा रोज तोच तपासेल असे ठरवा. क्वाडच्या टायरमध्ये अवघा चार-पाच पौंड दाब असतो, मोटारीच्या मीटरवर तो नीट दिसतच नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा मीटर आधी विकत आणा.