लग्नात द्यायचे लाकडी वाडगे: आधी घर बघा, मग लाकूड

ताई, वैशाखात मुलीच्या लग्नात जवळच्या घरांना कातीव, म्हणजे लेथवर फिरवून कातलेले, लाकडी वाडगे द्यायचे, कुडाळकडचा कारागीर मिळालाय, तर आंब्याचे घ्यावेत की फणसाचे, असं तुम्ही विचारलंय. कल्पना फारच छान आहे. पण लाकडाच्या आधी ती घरं डोळ्यांसमोर आणा. सगळे वाडगे एकाच मापाचे केलेत तर निम्मे शोकेसमध्ये जातील, आणि लाकडाचं भांडं हाताळलं गेलं तरच खुलतं. रोज भाकरी थापणाऱ्या घरी रुंद, जाड काठाचा द्या, पीठ मळायला काथवटीसारखा वापरतील. लहान मुलं असतील तिथे शेंगदाणे-चुरमुऱ्यांना खोलगट. दोघंच म्हातारी माणसं असतील तर देवापाशी फुलं ठेवायला लहानसा, हलक्या शिवण लाकडाचा.

आता लाकूड. माझा कौल फणसाला. कोकणात देव्हारे याच लाकडाचे करत आले, ते उगाच नाही. ताजं कापलेलं पिवळंधमक असतं आणि उजेडात राहून हळूहळू मधाच्या रंगावर जातं. आंबा स्वस्त, रेषाही सुंदर, पण त्याला भुंगा लवकर लागतो. तयार वाडगा चार दिवस पांढऱ्या कागदावर ठेवा. खाली पिठासारखी भुकटी पडली तर तो परत करा.

खरा प्रश्न मात्र लाकूड वाळलंय का, हा. ओल्या ओंडक्यातून थेट तयार केलेला वाडगा महिन्याभरात लंबगोल होतो, कधी तडकतोही. चांगला कारागीर आधी जाडसर कातून ठेवतो, काही महिने सावलीत वाळू देतो आणि वाकायचं तेवढं वाकून झालं की पुन्हा लेथवर चढवतो. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच धड वाळत नाही, म्हणून दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके कुणाच्या पडवीत अजून असतील तर विचारा, इतकं मुरलेलं लाकूड मुद्दाम शोधून मिळत नाही. खोडाचा अगदी मधोमधचा गाभा वाडग्यात आलेला नसावा, चीर तिथूनच सुरू होते.

घेताना आतून अंगठा फिरवा. समोरासमोर दोन जागी खरखर लागली, तर तिथे रेषा उलट्या आल्यात आणि पटाशीला धार कमी होती. नुसत्या पॉलिशपेपरने ते झाकलेलं असेल तर पहिल्या धुण्यात तंतू वर येतात. म्हणून कारागिरालाच सांगा: एकदा ओला करून, वाळवून, मग शेवटचा कागद मारा.

वर काय लावायचं यावर मी हट्टी आहे. खोबरेल नको, ते खवट होतं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेलही नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं घालतात. खाण्याचं कच्चं जवस तेल अगदी पातळ लावून दोन-तीन आठवडे मुरू द्यावं, वर मधमाशांचं मेण. सावंतवाडीच्या चितार आळीतली, लाख आणि तैलरंग लावलेली रंगीत लाकडी कामं मला प्राणप्रिय आहेत, पण ती शोभेला किंवा हळदीकुंकवाला द्या. लाखेला गरम रस्सा सोसत नाही, आणि तैलरंगात खाणं ठेवू नये.

प्रत्येक वाडग्यात एक चिठ्ठी टाका: कुठलं लाकूड, धुऊन लगेच पुसा, भिजत घालू नका, डिशवॉशर आणि मायक्रोवेव्हमध्ये नको, निस्तेज दिसला की तेलाचा हात द्या. कारागिराचं नाव, त्याला चालत असेल तर, तेही लिहा.

नागपूरच्या नणंदबाईंना झाकणाची डबी द्यायचं म्हणताय, तेवढं टाळा. कोकणात वाळलेलं लाकूड विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी आकसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेलाच जास्त. गोल डबी लंबगोल होते, आणि इथे घट्ट बसणारं झाकण तिथे अडकेल. त्यांना उघडा वाडगा द्या, काठ थोडा जाड ठेवायला सांगून.