जिन्यात सांगितलंस तेच वहीत लिही

अगं,

काल तुझी चिंतनाची वही, सरावपाठात काय घडलं ते शिकाऊ शिक्षिकेने लिहायची ती, तपासायला घेतली आणि शेरा न लिहिताच मिटून ठेवली. एका ओळीच्या शेऱ्यात मावणारं हे नाही, म्हणून पत्र.

सोमवारी शाळेतून परतताना तू मला जिन्यातच गाठलंस. तिसरीच्या वर्गात तू ५२ वजा २७ दिलंस, एका मुलीने उत्तर काढलं ३५. चूक दाखवलीस तर ती म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलं ना, दोनातून सात जात नाहीत? म्हणून मी सातातून दोन घालवले." मागे निरीक्षक बसलेले, तुला काही सुचेना, आणि तू फळा पुसलास. हे सांगताना तुझा आवाज कापत होता.

आणि वहीत काय आहे? 'काही विद्यार्थ्यांना हातच्याची संकल्पना स्पष्ट झाली नाही. पुढील पाठात शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर करीन. या अनुभवातून खूप शिकायला मिळाले.' ती मुलगी कुठे गेली? पुसलेला फळा कुठे गेला?

घडलं ते लिही. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिही. नाव मात्र लिहू नकोस, ती वही चार जणांच्या हातात जाते.

अनुभवावर चिंतन कसं करावं हे सांगणाऱ्या ग्रॅहम गिब्सच्या चक्रातल्या सहा पायऱ्यांना किती किती ओळी द्यायच्या, असं तू विचारलंस. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. १९८८ पासून हा क्रम शिकवतात आणि तो चांगला आहे, पण ते सहा सारखे रकाने नव्हेत. भावनेखाली तू 'थोडे वाईट वाटले' लिहिलंस. मला म्हणाली होतीस, "मॅडम, वर्गातून पळून जावंसं वाटलं." मग तेच लिही ना! विश्लेषण तर त्या मुलीनेच तुझ्या हातात ठेवलंय. ती नियम विसरली नव्हती, तू सांगितलेला नियम तंतोतंत पाळत होती. तुझं वाक्य अर्धं होतं. एक दशक सोडून सुटा केला की बारातून सात जातात, हे पुढचं राहिलं. हे एकदा कागदावर आलं की आराखड्यात 'साधनांचा प्रभावी वापर' असलं काही येणारच नाही. येईल ते असं: पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या नेईन, एक गठ्ठा तिच्याच हाताने सोडवायला लावीन. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने १९१० मध्ये लिहून ठेवलंय की विचार सुरू होतो तो संभ्रमातून. तू नेमका तो संभ्रमच खोडलास.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी चौथीत एक मुलगा होता. वाचायला उठवला की पुस्तक मिटायचा. एकदा त्याने त्याचं कारण सांगितलं. मी वहीत लिहिलं, 'वाचनात मागे, घरचे वातावरण पोषक नाही.' दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. वही अजून माझ्याकडे आहे, अक्षर सुरेख आहे, आणि तो काय म्हणाला होता ते त्यात नाही. मला आठवतही नाही. फार प्रयत्न केला गं.

मी वह्या परत करते म्हणून मला बोल लावतात. म्हणतात, २० आठवड्यांची आंतरवासिता (शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव), पाठ टाचणं, साहित्य, प्रवास, त्यात या पोरींनी लिहायचं कधी? वेळ नसतो, मान्य. म्हणून तर मी पानं मागत नाही. बसची वाट पाहताना चार ओळी, पण त्याच दिवशी. रात्री घरी गेलीस की वाक्यं शहाणी होऊ लागतात. मी कठोर असेन, पण छान वाक्यांना गुण देणं मला यापुढेही जमणार नाही. घडलं ते लिही.

शुक्रवारी ते एकच पान पुन्हा लिहून आण. फळा पुसल्यावर तू त्या मुलीकडे पाहिलंस का, हे मला सांगितलं नव्हतंस. पाहिलं नसशील, तर पाहिलं नाही असं लिही.

तुझी,
मॅडम